साठीनंतरची सागरवाट

पावसाळ्यात मित्रासोबत दुचाकीवरून कोकणात जाण्याची इच्छा ज्येष्ठ वयात धरावी का? धरली तर शरीराची, वाहनाची आणि कुटुंबाची तयारी कशी करावी?

छत्रपती संभाजीनगर आणि दुचाकी यांचे नाते केवळ वापरापुरते नाही. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आसपासच्या गावांतील हजारो तरुणांच्या हाताला दुचाकी घडविण्याचे काम मिळाले. त्या वेळी विशी-पंचविशीत असलेली ती पिढी आज साठी ओलांडून निवृत्त झाली आहे. मुले नोकरीनिमित्त पुण्यात किंवा परदेशी गेली आहेत. अंगणात मात्र पुसूनपासून ठेवलेली गाडी उभी आहे. आषाढाचे ढग दाटून आले, की अशा दोन जुन्या सोबत्यांच्या गप्पांत हमखास एक वाक्य येते, ‘एकदा कोकणात जाऊन येऊ, गाडीवरून.’ आणि घरातून तितक्याच हमखास उत्तर येते, ‘बाबा, या वयात? तेही पावसात?’

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. मुलांची भीती अनाठायी नाही. दुसरीकडे, एकटेपणा हाही आयुष्य कमी करणारा घटक आहे. अमेरिकेतील संशोधिका ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून त्यांना असे आढळले, की ज्यांचे सामाजिक संबंध दृढ आहेत त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असते. मित्रासोबत आखलेला प्रवास, त्याची महिनाभर आधीची तयारी आणि नंतर वर्षभर पुरणाऱ्या आठवणी यांचे मोल म्हणूनच कमी लेखता येत नाही.

तैवानमध्ये २००७ साली सरासरी ८१ वर्षे वयाच्या १७ ज्येष्ठांनी दुचाकीवरून १३ दिवसांत संपूर्ण बेटाची प्रदक्षिणा केली. ‘गो ग्रँडरायडर्स’ हा त्यांच्यावरील माहितीपट २०१२ मध्ये गाजला. त्यांची जिद्द सर्वांनी पाहिली. पण ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तो प्रवास आखला होता आणि तिचे कार्यकर्ते सोबत होते, याकडे कमी जणांचे लक्ष गेले. आपल्याकडे अशी संस्था पाठीशी नसते. ते सारे काम सोबतच्या मित्राला करावे लागते. म्हणून या लेखाचा खरा विषय दुचाकीइतकाच तो मित्र आहे.

दोन हवामानांमधला प्रवास

मराठवाड्यातील माणसाच्या मनातला पाऊस आणि कोकणातला पाऊस यांत मोठे अंतर आहे. आपल्याकडे वर्षभरात सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणपट्टीत तो अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटरपर्यंत जातो. हवामान खात्याच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस समजला जातो. म्हणजे आपल्याकडच्या वर्षभराच्या पावसाचा चौथा हिस्सा तिथे एका दिवसात कोसळू शकतो. संभाजीनगरातून निघताना वाटणारी रिमझिम हा पुढच्या पावसाचा अंदाज नव्हे.

या पावसाने काय घडते, हे अलीकडच्या इतिहासात नोंदलेले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. हा इतिहास घाबरविण्यासाठी सांगितलेला नाही. त्यातून तीन नियम निघतात. जुलै महिना टाळावा. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. आणि पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते कितीही उथळ दिसो, गाडी घालू नये. गुडघ्याच्या खाली असलेले वाहते पाणीही दुचाकीची चाके उचलून नेऊ शकते.

ज्येष्ठांसाठी सर्वांत अनुकूल काळ म्हणजे गौरी-गणपती आटोपल्यानंतरचे दिवस. पावसाचा जोर ओसरलेला असतो, डोंगर हिरवेच असतात, गणेशोत्सवातील मुंबई-गोवा महामार्गावरील गर्दी संपलेली असते. समुद्रातील मासेमारीही पुन्हा सुरू झालेली असल्याने ताटात ताजे मासे मिळतात.

शरीराची पूर्वपरीक्षा

चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. वयाच्या पंचावन्नीनंतर नूतनीकरण केलेला परवाना पाच वर्षांसाठीच मिळतो. अनेक जण हे प्रमाणपत्र केवळ कागद म्हणून आणतात. कोकणात निघायचे असेल, तर तीच तपासणी मनापासून करून घ्यावी.

घरच्या घरी करता येण्याजोग्या काही चाचण्या आहेत. गाडी डबल स्टँडवर कुणाच्या मदतीशिवाय चढविता येते का? बंद गाडी उताराविरुद्ध दहा पावले मागे ढकलता येते का? आधार न घेता एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? मान वळवून मागून येणारे वाहन पाहता येते का? तासभर गाडी चालवून उतरल्यावर पहिली चार पावले लंगडत तर पडत नाहीत ना? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तर आधी डॉक्टरांशी आणि व्यायामतज्ज्ञाशी बोलावे. दोन-तीन महिन्यांच्या नियमित व्यायामाने मांड्यांची ताकद आणि तोल यांत स्पष्ट सुधारणा होऊ शकते.

त्यानंतर रस्त्यावरची परीक्षा. पहिल्या आठवड्यात पावसाच्या दिवशी वेरूळपर्यंत जाऊन यावे. जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटर होतात आणि दौलताबाद-खुलताबादचा छोटा घाटही लागतो. पुढच्या आठवड्यात पैठण. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कितपत दुखते, हाताच्या बोटांना मुंग्या येतात का, झोप कशी लागली, हे दोघांनी एकमेकांना खरे सांगावे. पैठणहून आल्यावर दोन दिवस अंथरूण सुटत नसेल, तर श्रीवर्धन दूर आहे.

काहींनी मात्र दुचाकीचा विचार सोडून द्यावा. अलीकडे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पक्षाघात झालेले, फिट येणारे, कारण न कळता चक्कर येऊन पडलेले, शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू असलेले, साखर अनियंत्रित असलेले, स्मरणशक्ती क्षीण होऊ लागलेले आणि सांधेबदल शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांची परवानगी न मिळालेले यांचा त्यात समावेश होतो. त्यांच्यासाठी किनारा बंद होत नाही. एसटीमध्ये ६५ वर्षांवरील प्रवाशांना निम्मे भाडे आहे, ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे आणि महिलांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. दोन मैत्रिणींनी किंवा दोन मित्रांनी खिडकीजवळची जागा पकडून हाच प्रवास केला, तरी समुद्र तोच दिसतो.

वाट आणि मुक्काम

समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या दोन्हींवर दुचाकीला मनाई आहे. त्यामुळे जुना पुणे रस्ता धरावा लागतो. वाळूज ओलांडून कायगाव टोक्याला गोदावरी पार करायची आणि नेवासा फाटा, अहिल्यानगर, सुपे, शिरूर, रांजणगाव असे पुण्यात पोहोचायचे. हे अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे. तरुण माणूस ते अर्ध्या दिवसात कापतो; साठीनंतर त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा. दर पाऊण तासाने थांबून दहा मिनिटे चालावे. सतत बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साचते आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते.

उतरतानाही घाई नको. बराच वेळ बसल्यानंतर एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांत हे अधिक घडते. हँडल धरून मिनिटभर स्थिर उभे राहावे, मग पाऊल टाकावे.

दुसऱ्या दिवशी पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि श्रीवर्धन असा साधारण १६० किलोमीटरचा टप्पा आहे. अंतर कमी, पण शरीराची कसोटी अधिक. ताम्हिणी हा राज्यातील सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. धुके, वळणे, रस्त्यावर आलेली माती आणि शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी उसळणारी पर्यटकांची गर्दी या साऱ्यांतून जायचे असते. म्हणून हा टप्पा मंगळवार-बुधवारी, सकाळी सात ते अकराच्या दरम्यान पार करावा.

तिसरा दिवस विश्रांतीचा ठेवावा. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा समुद्रालगतचा रस्ता या संपूर्ण प्रवासातील सर्वांत सुंदर भाग आहे. अंतर इतके कमी, की दुपारच्या जेवणापूर्वी जाऊन परत येता येते. हरिहरेश्वरला दर्शन घ्यावे. परंतु खडकांवरून समुद्रालगत जाणारा प्रदक्षिणा मार्ग पावसाळ्यात टाळावा. शेवाळलेला खडक आणि अचानक उसळणारी लाट यांच्यापुढे गुडघ्यांचा भरवसा धरता येत नाही. पावसाळी समुद्रात पोहायला उतरणे तर कोणत्याच वयात योग्य नाही.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरावे आणि केळशी, आंजर्ले, हर्णै या वाटेने दापोली गाठावी. या फेरीबोटीला कोकणात जंगलजेटीही म्हणतात. हवामान बिघडल्यास ती बंद ठेवली जाते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. चढ-उताराचा लोखंडी फाळका ओला असताना अतिशय निसरडा होतो. तिथे समोरचा ब्रेक जोरात दाबू नये, मागे बसलेल्याने आधीच उतरून चालत जावे आणि बोटीत गाडी मुख्य स्टँडवर लावून पाय जमिनीवर ठेवून उभे राहावे. परतताना महाड-भोर वरंध घाटाचा मोह नको. तो पावसाळ्यात बंद ठेवला जातो. माणगाव-ताम्हिणी हीच वाट परतीला धरावी.

औषधे, साखर आणि रेनकोट

मधुमेह असलेल्या प्रवाशासाठी रेनकोट ही एक छुपी अडचण आहे. साखर घसरू लागली, की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते. रेनकोटच्या आत कोकणच्या दमट हवेत घाम तसाही येतोच. थरथर गाडीच्या कंपनात हरवते. आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटाचे औषध चालू असेल तर धडधडही जाणवत नाही. लक्षणांवर विसंबून न राहता निघण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी. विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही शिस्त पाळावी. साखर ९० च्या खाली असेल तर आधी खावे, मग निघावे. ती ७० च्या खाली गेली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडीला हात लावू नये. कारण आकडा सुधारला तरी मेंदूची तत्परता परतायला वेळ लागतो. वापरातले इन्सुलिन सौम्य तापमानात साधारण चार आठवडे टिकते. ते इंजिनाजवळच्या डिकीत न ठेवता अंगाजवळच्या पिशवीत ठेवावे.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले अनेक पुरुष प्रवासात गोळी चुकवितात, पाणीही कमी पितात. त्यामुळे रक्तदाब वाढतो किंवा शरीरातील पाणी कमी होऊन चक्कर येते. गोळी बंद करण्याऐवजी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे आणि थांब्यांची संख्या वाढवावी. दर पाऊण तासाने थांबायचे ठरलेलेच असेल, तर संकोचाचे कारण उरत नाही. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते आणि झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहतो. अशी औषधे घेतल्यावर गाडी चालवू नये.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. हेल्मेट घातले असताना झालेल्या साध्या पडझडीतही डोक्याच्या आत हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो आणि त्याची लक्षणे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी दिसतात. डोक्याला मार लागला असेल, तर ‘काही झाले नाही’ म्हणून पुढे न जाता त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे.

भिजलेले अंग, भिजलेले पाय

महाराष्ट्रात गारठून आजारी पडण्याची कल्पना आपल्याला अतिशयोक्त वाटते. परंतु पाणी हवेच्या तुलनेत शरीरातील उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. घाटात ओले कपडे आणि गाडीच्या वेगाचा वारा एकत्र आले, की वीस अंश तापमानातही वृद्ध शरीर गार पडू लागते. वयानुसार त्वचेखालची चरबी आणि स्नायू कमी झालेले असतात, त्यामुळे शरीराला पुन्हा ऊब आणणे कठीण जाते. बोटांनी क्लच नीट दाबता न येणे, शब्द अडखळणे, विनाकारण चिडचिड ही प्रारंभीची लक्षणे आहेत. ती स्वतःला कळत नाहीत, सोबत्याला कळतात. अशा वेळी आडोशाला थांबून कोरडे कपडे घालावेत आणि गरम, गोड चहा द्यावा. मद्याने ऊब येते हा गैरसमज आहे; त्वचेच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावून उष्णता उलट अधिक वेगाने निघून जाते.

पायांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दिवसभर ओल्या बुटात राहिलेली त्वचा मऊ पडते, चिरते आणि तिथे बुरशी वाढते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना खडा टोचलेला किंवा बूट चावलेला समजतच नाही. मुक्कामी पोहोचल्यावर पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून, मित्राने मित्राचे तळवे उजेडात पाहावेत. यात लाजण्यासारखे काही नाही. स्वतःच्या तळव्याची जखम वाकून पाहणे या वयात अनेकांना जमत नाही आणि तीच जखम पुढे चिघळून पाय गमावण्याचे कारण ठरते.

जखम असलेला पाय साचलेल्या पाण्यात गेला, तर लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार पसरतो आणि कोकणात पावसाळ्यात तो आढळतो. लक्षणे बहुधा एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे घरी परतल्यावर दिसतात. ताप, पोटऱ्या तीव्र दुखणे आणि डोळे लाल होणे असे काही झाल्यास ‘मी कोकणातून आलो आहे, पाण्यात चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पाण्यातून जाणे अटळ ठरले, तर प्रतिबंधक औषध घ्यावे का, हेही त्यांनाच विचारावे.

सकाळी बूट घालण्यापूर्वी झटकावेत. कोकणातील लाल विंचवाचा दंश एके काळी प्राणघातक समजला जाई. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून त्यातील मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू किंवा साप चावल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणगाव, श्रीवर्धन आणि दापोली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, हे आधीच लक्षात ठेवावे.

डोळे, हेल्मेट, ब्रेक

साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो. ओल्या डांबरावरून परावर्तित होणारा समोरच्या दिव्यांचा झोत त्यात भर घालतो. दुपारी चारनंतर पावसाळी आकाशाखाली गाडी न चालविणे, हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. चष्मा आणि हेल्मेटची काच दोन्ही धुरकटतात. काच किंचित उघडी ठेवावी आणि सुती रुमाल खिशात ठेवावा.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे आणि हनुवटीचा पट्टा आवळलेले असावे. २००८ मधील एका मान्यवर आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी होते. जुन्या गाड्यांना एबीएस नसते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबल्यास चाक जागीच अडकून गाडी घसरते. अशी गाडी असेल तर वेग कमी, समोरच्या वाहनापासूनचे अंतर दुप्पट आणि दोन्ही ब्रेक हळुवार. टायर गुळगुळीत झाला असेल, तर तो बदलल्याशिवाय निघू नये.

मित्राशी करावयाचा करार

एका गाडीवर दोघे की दोन गाड्या? दोघांनाही आत्मविश्वासाने चालविता येत असेल, तर दोन गाड्या बऱ्या. मागच्या माणसाच्या वजनाने थांबताना तोल जातो आणि पडल्यास दोघेही जखमी होतात. मदत आणायला कोणी उरत नाही. पुढे नेहमी हळू चालविणाऱ्याने राहावे, म्हणजे मागच्याला त्याच्या वेगाने जावे लागते. एकाच गाडीवर जायचे असेल, तर मागे बसणाऱ्याकडेही परवाना आणि हेल्मेट हवे.

निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची औषधे, त्यांच्या वेळा आणि आजार लिहून घ्यावेत. मनातले आजार लपवून निघणे हा सोबत्यावर अन्याय आहे. सर्वांत महत्त्वाची अट अशी, की दोघांपैकी कोणीही ‘थांबू या’ किंवा ‘परत फिरू या’ म्हणाला, तर दुसऱ्याने कारण विचारू नये, थट्टा करू नये आणि उद्याचे आरक्षण वाया जाईल असे म्हणू नये. थकव्यात, गारठ्यात आणि साखर घसरताना निर्णयशक्तीच आधी मंदावते. त्या क्षणी मित्राची नजर आपल्या नजरेपेक्षा विश्वासार्ह असते. माणगावहून परत फिरलेले दोन मित्र पुढच्या वर्षी पुन्हा निघू शकतात.

घरच्यांसाठी

वडिलांना थेट ‘नाही’ म्हटले, तर पुष्कळदा ते ‘पुण्याला जाऊन येतो’ असे सांगून निघतात आणि कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसते. त्यापेक्षा त्यांच्यासोबत नकाशा घेऊन बसावे, मुक्कामाचे पत्ते लिहून घ्यावेत, डॉक्टरांची भेट ठरवावी आणि मित्राच्या घरच्यांशीही बोलावे. रोज दोन ठरलेल्या वेळी, थांब्यावरूनच, त्यांनी फोन करावा; मधल्या वेळेत आपण करू नये. गाडी चालविताना खिशात वाजणारा फोन लक्ष विचलित करतो. व्हॉट्सॲपवरून ठावठिकाणा कळविण्याची सोय चालू ठेवली, की काळजीही कमी होते.

किल्ली कायमची ठेवून देण्याची वेळही कधीतरी येते. गाडीवर नवे ओरखडे दिसू लागणे, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणे, सिग्नलला गाडी सावरता न येणे, गिअर आणि ब्रेक यांत गोंधळ होणे, थोडक्यात वाचल्याचे प्रसंग वाढणे ही त्याची चिन्हे आहेत. हा विषय मुलाने भांडणाच्या सुरात काढण्यापेक्षा डॉक्टरांनी किंवा त्याच जुन्या मित्राने काढलेला बरा. एकदम बंदी घालण्याऐवजी आधी रात्रीचे चालविणे, मग महामार्ग, मग पावसाळा असे टप्प्याटप्प्याने कमी करावे. ज्याने उमेदीची वर्षे दुचाकीवर काढली, त्याच्यासाठी किल्ली हे स्वावलंबनाचे शेवटचे चिन्ह असू शकते. ती घेताना त्याच्या हातात दुसरे काहीतरी ठेवावे लागते: बसचा पास, सोबत आणि प्रवासाचा पुढचा बेत.

निघण्यापूर्वी तपासावे

• डॉक्टरांची तपासणी. किमान दहा दिवसांची औषधे, दोन वेगळ्या पिशव्यांत आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.
• खिशात जलरोधक कार्ड: नाव, रक्तगट, आजार, चालू औषधे, घरचा फोन क्रमांक.
• ग्लुकोमीटर, ग्लुकोज, ओआरएस, मलमपट्टी, कोरड्या मोज्यांचे चार जोड.
• दोन तुकड्यांचा रेनकोट, चमकदार पट्टीचे जाकीट, हातमोजे, पूर्ण हेल्मेट.
• परवाना, विमा आणि पीयूसी यांची मुदत. टायर, ब्रेक, चेन, दिवे.
• रोज सकाळी हवामान खात्याचा इशारा पाहणे. नारंगी किंवा लाल इशारा असेल, तर त्या दिवशी मुक्काम हलवू नये.
• दूरध्वनी: रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२, ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी १४५६७.